राजी सेल लाइन: व्हायल वितळवण्यापासून रिटुक्सिमॅबच्या चाचणीपर्यंत

राजी ही प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणारी, मानवी लिम्फोमाच्या पेशींची लाइन आहे. राजी पेशी वाढवणं अवघड नाही. त्या फ्लास्कच्या तळाला चिकटत नाहीत, त्यामुळे चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या ट्रिप्सिनची भानगड नाही. आरपीएमआय-१६४० हा मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, आणि १० टक्के सीरम मिळालं की साधारण २४ ते ३६ तासांत दुप्पट होतात. खरी अडचण अशी की ही लाइन चुका पोटात घालते. गर्दी झाली, मीडिया पिवळा पडला, शनिवार-रविवार कुणी फिरकलं नाही, तरी सोमवारी पेशी जिवंतच दिसतात. मग प्रयोगाचे आकडे दर वेळी वेगळे येऊ लागतात आणि दोष किटला दिला जातो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा मोजणी आणि घनतेला दिली आहे. बाकीचं त्यामागून येतं.

ही लाइन नेमकी काय आहे

युगांडात काम करणारे सर्जन डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. त्याच आजाराच्या, म्हणजे बर्किट लिम्फोमाच्या, नायजेरियातल्या ११ वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या वरच्या जबड्यातल्या गाठीपासून पल्व्हरटाफ्ट यांनी १९६३ मध्ये राजी लाइन तयार केली. रक्त तयार करणाऱ्या ऊतींपासून आलेली, अखंड वाढत राहणारी ही पहिली मानवी सेल लाइन मानली जाते. एटीसीसी या अमेरिकेतल्या पेशीभांडाराच्या यादीत तिचा क्रमांक सीसीएल-८६ आहे, जर्मनीच्या डीएसएमझेड या भांडाराकडे एसीसी ३१९.

प्रयोग आखण्याआधी तिच्या चार गोष्टी माहीत हव्यात. या बी-लिम्फोसाइट पेशी आहेत, म्हणजे पृष्ठभागावरच्या ओळखीच्या प्रथिनांपैकी सीडी१९ आणि सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह. बर्किट लिम्फोमात सापडणारी ८ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल यांच्यात आहे, त्यामुळे पेशींची वाढ चालवणारं एमवायसी जनुक इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या, जड साखळीच्या जागेशेजारी जाऊन कायम चालू राहतं. खराब झालेल्या पेशींना आवर घालणारं पी५३ जनुक बिघडलेलं आहे, म्हणून ज्या औषधाचा परिणाम धडधाकट पी५३वर अवलंबून असतो ते फक्त राजीवर तपासून निष्कर्ष काढू नये. चौथी गोष्ट एपस्टाइन-बार विषाणूची. एका पेशीत त्याच्या जीनोमच्या सुमारे ५० ते ६० प्रती असतात, पण या जीनोमचे काही तुकडे गळालेले असल्याने पूर्ण विषाणू तयार होत नाही. टीपीए आणि सोडियम ब्युटिरेट ही रसायनं देऊन विषाणू जागवायचा प्रयत्न केला तर सुरुवातीची प्रथिनं दिसतात, पुढे गाडी सरकत नाही. विषाणूचे कण हवे असतील तर राजी निवडणं ही सुरुवातीचीच चूक ठरेल.

पेशी येण्याआधी

विषाणू पूर्ण बनत नसला तरी काम जैवसुरक्षा पातळी दोनवरच करायचं: वर्ग दोनचं बायोसेफ्टी कॅबिनेट, हातमोजे, बंद झाकणाचं सेंट्रिफ्यूज. साधं लॅमिनार फ्लो चालणार नाही. आडवं लॅमिनार तर हवा थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतं. ते माध्यम बनवायला ठीक, मानवी पेशींना नाही. एक नियम अजिबात मोडायचा नाही: प्रयोगासाठी ताज्या लिम्फोसाइट लागल्या तर त्या पेशी हाताळणाऱ्याच्या स्वतःच्या रक्तातून घ्यायच्या नाहीत. स्वतःच्याच पेशी बदलून परत आपल्या अंगात शिरल्या तर शरीर त्यांना परकं समजत नाही.

भारतात राजी घ्यायची असेल तर पुण्यात, विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात असलेल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीसीएसकडे, पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे. तिथे चौकशी करावी. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क मागून आणणं फुकटात होतं, पण त्याबरोबर मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारा बारीक जीवाणू) आणि चुकीची ओळख या दोन्ही गोष्टी येऊ शकतात. आणलाच तर तपासणीचा अहवाल येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. वेगळा इन्क्युबेटर नसेल तर झाकण घट्ट लावून दुसऱ्या कप्प्यात ठेवा आणि त्याचं काम दिवसाच्या शेवटी करा.

मीडियासाठी आरपीएमआय-१६४० मध्ये २ मिलिमोलर एल-ग्लुटामिन, १० मिलिमोलर हेपेस (आम्लता सांभाळणारा बफर), १ मिलिमोलर सोडियम पायरुव्हेट आणि १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम. ५०० मिलीच्या बाटलीतून ५० मिली काढून तितकंच सीरम घालायचं. न काढता ५० मिली ओतलं तर प्रमाण ९.१ टक्के होतं. फरक छोटा आहे, पण एकाने काढून आणि दुसऱ्याने न काढता बनवलं की एकाच फ्रिजमध्ये दोन मीडिया तयार होतात. ग्लुटामिन द्रवात आपोआप विघटित होतं आणि अमोनिया सोडतं, म्हणून बनवलेली बाटली ४ अंशांवर ठेवून महिनाभरात संपवा. दर वेळी पूर्ण बाटली ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची सवय मोडा. लागेल तितकाच मीडिया ट्यूबमध्ये काढून गरम करा.

सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं गरम करून त्यातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशींना भोकं पाडणारी) निकामी करायची की नाही, यावर मतं वेगळी आहेत. नुसत्या वाढीसाठी गरज नाही. पण शेवटी कॉम्प्लिमेंटच्या चाचण्या करायच्या असतील तर पहिल्या दिवसापासून गरम केलेलंच सीरम वापरा. राजीवर सीआर२, म्हणजे सीडी२१, हा कॉम्प्लिमेंटचा रिसेप्टर असतो, आणि मधूनच सीरम बदललं की जुने आकडे नव्यांशी जुळवता येत नाहीत.

पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन रोजच्या मीडियात नको. अँटिबायोटिक असलं की हाताची स्वच्छता ढिली पडते आणि सौम्य संसर्ग दबून राहतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही.

वितळवणं

इथे वेग महत्त्वाचा आहे, म्हणून सगळी तयारी आधी. १५ मिलीच्या ट्यूबमध्ये ९ मिली कोमट मीडिया, शेजारी टी-२५ फ्लास्क, पाण्याचं तापमान ३७. द्रव नायट्रोजनमधून व्हायल काढताना चेहऱ्यावर शील्ड हवीच. झाकणातून आत द्रव शिरला असेल तर गरम पाण्यात व्हायल फुटू शकते.

व्हायल झाकणापर्यंत न बुडवता पाण्यात हलवत राहा. एक-दोन मिनिटांत बर्फाचा छोटा खडा उरला की बाहेर काढा, ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि कॅबिनेटमध्ये न्या. पेशी ९ मिली मीडियात थेंबथेंब सोडा. एकदम ओतल्या तर गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन भरलेल्या पेशीत पाणी झपाट्याने शिरतं आणि ती फुगून फुटते. मग १५० जी वेगाने ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव टाकून ५ मिली ताजा मीडिया, आणि लगेच मोजणी.

वेग आरपीएममध्ये लिहून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती सोडलेली बरी. रोटरची त्रिज्या वेगळी असली की तोच आकडा वेगळा जोर देतो. सूत्र सोपं आहे: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर २०० जी म्हणजे सुमारे १,०६० आरपीएम. हा आकडा मशिनवर चिकटवून ठेवा.

पहिल्या फ्लास्कमध्ये घनता मिलीला ५ लाखांच्या आसपास ठेवा. कमी पेशी मिळाल्या तर मोठा फ्लास्क घेऊ नका, मीडिया कमी घ्या. २ मिली असेल तर सहा खणांच्या प्लेटचा एक खण पुरतो. फ्लास्क उभा ठेवला की पेशी तळाशी जवळजवळ राहतात, पहिल्या दोन दिवसांत त्याचा उपयोग होतो. वितळवल्यावर लगेच ८५ टक्के जिवंत दिसल्या म्हणून खूश होऊ नका, कारण गोठवण्याचा धक्का बसलेल्या काही पेशी पुढच्या २४ तासांत मरतात. दुसऱ्या दिवशी आकडा ६५ टक्क्यांवर आला तरी चालेल. त्या दिवशी धुवायला, सेंट्रिफ्यूज करायला जाऊ नका, झाला तेवढा त्रास पुरे. चौथ्या-पाचव्या दिवशी ९० टक्क्यांच्या वर यायला हवा. आठवड्याने न आल्यास ती व्हायल टाकून दुसरी काढा. प्रयोग तिसऱ्या पॅसेजनंतर (पॅसेज म्हणजे पेशी पातळ करून ताज्या मीडियात नेणं) सुरू करा.

मोजणी

राजी एकट्याही असतात आणि गुच्छातही. गुच्छ ही निरोगी वाढीचीच खूण आहे, पण मोजताना तेच नडतं. फ्लास्कमधून नमुना घेण्याआधी ५ मिलीच्या पिपेटने सावकाश दहा वेळा वर-खाली करा, टोक तळाला न टेकवता आणि फेस न काढता. बारीक २०० मायक्रोलिटरच्या टिपमधून जोरात ढकललं तर गुच्छ सुटतात खरे, पण पेशीही फाटतात. नमुना घेईपर्यंत अर्धं मिनिट गेलं तरी पेशी खाली बसायला लागतात. पिपेट केलं की लगेच घ्या.

५० मायक्रोलिटर पेशी, ५० मायक्रोलिटर ०.४ टक्के ट्रायपॅन ब्ल्यू, म्हणजे मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग. तीन ते पाच मिनिटांत मोजून मोकळं व्हा, उशीर झाला की जिवंत पेशीही रंग घेऊ लागतात. न्यूबाउअर चेंबर या मोजणीच्या आखलेल्या काचेच्या चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजायचे, वरची आणि डावी रेघ धरायची, खालची आणि उजवी सोडायची.

समजा जिवंत पेशी ५२, ४७, ५५ आणि ४६ निघाल्या. बेरीज २००, सरासरी ५०. दोनने गुणा, कारण रंग समभाग घातला. मग १०,००० ने गुणा. आलं मिलीला १० लाख. चारही चौकोनांत मिळून निळ्या पेशी ८ असतील तर जिवंत प्रमाण २०० भागिले २०८, म्हणजे ९६ टक्के. चार चौकोनांत मिळून १०० पेक्षा कमी पेशी आल्या तर आकड्यावर फार विसंबू नका, आणखी चौकोन मोजा. कोपऱ्यांमध्ये दुप्पट फरक असेल तर गुच्छ सुटलेले नाहीत किंवा चेंबर जास्त भरलं गेलंय. पुसून पुन्हा भरा.

ऑटोमॅटिक काउंटर चांगले असतात, पण गुच्छाला ते एकच मोठी पेशी धरू शकतात. महिन्यातून एकदा हाताने मोजून ताडून पाहा.

पॅसेज: दिवस नव्हे, घनता बघा

राजीला मिलीला ३ ते ४ लाखांवर सुरू करायचं आणि ३० लाखांच्या वर जाऊ द्यायचं नाही. प्रयोगासाठी पेशी काढायच्या असतील तर ८ ते १२ लाखांच्या मध्ये असताना काढा. तेव्हा वाढ सरळ वेगात असते आणि जिवंत प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास राहतं.

हिशेब असा. फ्लास्कमध्ये मिलीला १० लाख आहेत, आणि ३ लाख घनतेचे २० मिली हवेत. लागणाऱ्या पेशी ६० लाख, म्हणजे ६ मिली जुनं कल्चर आणि १४ मिली ताजा मीडिया. सेंट्रिफ्यूज करायची गरज नाही. जुना मीडिया थोडा राहिलेला उलट बरा, त्यात पेशींनी सोडलेले वाढीचे घटक असतात. याच कारणाने फार पातळ करणं धोक्याचं: मिलीला १ लाखाच्या खाली गेलं की वाढ दोन-तीन दिवस थबकते, कधी कल्चर उठतच नाही. विरजण कमी पडलं की दही लागत नाही, तसंच. चुकून पातळ झालंच तर निरोगी राजी कल्चरचा वरचा द्रव ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून २० ते ३० टक्के घाला.

‘सोमवार आणि शुक्रवार, एकास चार’ असली वेळापत्रकं भिंतीवर लावलेली दिसतात. ३० तासांत दुप्पट होणाऱ्या पेशी सोमवारी ४ लाखांवर ठेवल्या तर बुधवारी सुमारे १२ लाख होतात आणि शुक्रवारी, मध्ये हात लावला नाही तर, ३५ लाखांच्या पुढे. म्हणजे बुधवारचा पॅसेज चुकवून चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ३ लाखांवर सोडल्या तर सोमवारी १५-१६ लाख मिळतात, ते चालतं. शुक्रवारी ‘सोमवारी जास्त पेशी लागतील’ म्हणून ८ लाखांवर सोडणं ही सर्रास होणारी चूक आहे. सोमवारी ४० लाखांच्या वर, पिवळा मीडिया आणि काळसर दाणेदार पेशी हाती येतात. जास्त पेशी हव्या असतील तर घनता तीच ठेवून मीडिया वाढवा.

वाढून गेलेल्या कल्चरची लक्षणं ओळखता यायला हवीत. मीडिया नारिंगी-पिवळा होतो, मोठे गुच्छ विरतात, पेशींच्या आकारात फरक पडतो, बारीक कचरा तरंगू लागतो. अशा कल्चरला नवा मीडिया देऊन दुसऱ्याच दिवशी प्रयोगाला घेऊ नका. किमान दोन पॅसेज नीट घनतेवर काढा. जिवंत प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेलं असेल तर नवी व्हायल काढणं स्वस्त पडतं. मेलेल्या पेशी काढायच्याच असतील तर २०० जीवर ५ मिनिटं फिरवून मीडिया बदलला की कचरा बराच जातो.

फ्लास्क व्हेंट झाकणाचा घ्या. साधं झाकण असेल तर पाव फेरा सैल ठेवा, नाहीतर ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आत जाणार नाही आणि मीडिया जांभळट पडेल. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून बघत बसू नका. सिलिंडर संपला असेल तर झाकणं घट्ट लावा, हेपेसमुळे काही तास निभावतं. थंडी या पेशी बऱ्यापैकी सोसतात. तापमान ४० च्या वर गेलं तर मात्र सोसत नाहीत. पावसाळ्यात बुरशीचा त्रास वाढतो. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी तेव्हा दर आठवड्याला बदला, आणि खोक्यांचा पुठ्ठा कल्चर रूममध्ये आणू नका, त्यावर बुरशीचे बीजाणू असतात.

गोठवणं

पेशी हातात आल्यापासून दोन आठवड्यांत पहिली बँक करा, प्रयोग नंतर. १० व्हायलची मुख्य बँक आणि तिच्यातल्या एका व्हायलपासून २० ची कामाची बँक एवढं लहान प्रयोगशाळेला पुरतं. कामाची व्हायल काढली की २० पॅसेज किंवा अडीच-तीन महिने वापरायची आणि मग नवी काढायची.

१० व्हायलसाठी ५ कोटी पेशी लागतात, व्हायलला ५० लाख प्रमाणे. म्हणजे १० लाख घनतेचं ५० मिली कल्चर. जिवंत प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नसेल तर त्या दिवशी गोठवू नका, कारण गोठवण्याने ते सुधारत नाही. मिश्रण ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ. डीएमएसओ द्रवात घालताना उष्णता निघते, म्हणून मिश्रण आधी करून थंड करा, मग पेशींवर घाला. तिथून फ्रीझरपर्यंत दहा मिनिटांच्या वर जाऊ नयेत, म्हणून व्हायलवर लाइनचं नाव, पॅसेज क्रमांक, तारीख आणि पेशींची संख्या आधीच लिहून ठेवा. द्रव नायट्रोजनमध्ये साध्या मार्करची शाई निघून जाते.

मिनिटाला १ अंश या वेगाने थंड व्हायला हवं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा डबा रात्रभर उणे ८० अंशांत ठेवला की ते साधतं. त्यातलं अल्कोहोल दर पाच वापरांनंतर बदलायचं, कारण पाणी शोषलं की थंड होण्याचा वेग बदलतो. डबा नसेल तर जाड थर्माकोलच्या खोक्यात घट्ट बसवून ठेवा. दुसऱ्या दिवशी नायट्रोजनच्या वाफेत हलवा. उणे ८० मध्ये महिनोन्महिने पडलेल्या व्हायलवर भरवसा ठेवू नका. आठवड्याने एक व्हायल वितळवून पाहिल्याशिवाय बँक झाली असं समजायचं नाही.

मायकोप्लाझ्मा आणि ओळख

मायकोप्लाझ्मा लागला तरी मीडिया गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. वाढ मंदावते, एमटीटी या जिवंत पेशी मोजायच्या रंगचाचणीचे आकडे खोटे येतात, थायमिडिन शोषणाच्या चाचणीत पेशी विभागत नाहीत असं वाटतं, कारण जंतूच थायमिडिन संपवतो. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो जातो. महिन्यातून एकदा पीसीआर करा. नमुना अँटिबायोटिकविना दोन आठवडे वाढवलेल्या, मीडिया बदलून दोन दिवस झालेल्या दाट कल्चरचा वरचा द्रव घ्यावा. ताज्या मीडियातून घेतला तर खोटा निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह निघालं तर औषधं देऊन वाचवण्यापेक्षा फेकून बँकेतून नवी व्हायल काढावी. ती एकमेव व्हायल असेल तरच उपचाराचा विचार करा.

ओळखीसाठी एसटीआर तपासणी (डीएनएच्या छोट्या पुनरावृत्त तुकड्यांवरून) बँक करताना एकदा आणि त्यानंतर वर्षातून एकदा. संदर्भाशी ८० टक्के किंवा अधिक जुळणी ही सर्वसाधारण मर्यादा. मूळ रुग्ण मुलगा होता, त्यामुळे अमेलोजेनिन या लिंग दाखवणाऱ्या मार्करमध्ये एक्स आणि वाय दोन्ही दिसायला हवेत. फक्त एक्स आला तर लगेच घाबरू नका, वाय गुणसूत्र गळणं सेल लाइनमध्ये होतं, पण बाकीचे मार्कर बारकाईने बघा.

एका खोलीत अनेक लिम्फोमा लाइन वाढत असतील तर दर दोन महिन्यांनी एक स्वस्त तपासणी करता येते. राजीत एपस्टाइन-बारचा पीसीआर जोरदार पॉझिटिव्ह येतो, रामोस या दुसऱ्या बर्किट लाइनमध्ये निगेटिव्ह. डाउडी या तिसऱ्या बर्किट लाइनमध्ये बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नसल्याने पृष्ठभागावर एचएलए वर्ग एक दिसत नाही, राजीवर दिसतो. यू-९३७ हिस्टिओसायटिक लिम्फोमाची म्हणून ओळखली जाते, पण ती मोनोसाइट जातीची, तिच्यावर सीडी१९ नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली या चारही तरंगणाऱ्या गोल पेशीच, नजरेने ओळखू गेलात तर फसाल. एका वेळी कॅबिनेटमध्ये एकच लाइन आणि प्रत्येक लाइनची स्वतंत्र मीडिया बाटली, हा साधा उपाय पीसीआरपेक्षाही स्वस्त आहे.

रिटुक्सिमॅब आणि कॉम्प्लिमेंटची चाचणी

रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचं अँटिबॉडी औषध सीडी२०ला चिकटतं, त्यावर सीरममधली कॉम्प्लिमेंट प्रथिनं जमतात आणि पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. अमेरिकेत या औषधाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या आणि बायोसिमिलरच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच्यासारख्या औषधांच्या, तुलनेसाठी राजी आणि डाउडी या दोन्ही लाइन वापरल्या जातात. राजीवर सीडी५५ आणि सीडी५९ ही कॉम्प्लिमेंटला अडवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे १०० टक्के पेशी मराव्यात अशी अपेक्षा ठेवू नका.

८ ते १२ लाख घनतेच्या, ९५ टक्के जिवंत पेशी घ्या. आरपीएमआयमध्ये ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालून दोनदा धुवा, मिलीला १० लाखांवर आणा. ९६ खणांच्या सपाट तळाच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ५० मायक्रोलिटर, म्हणजे ५०,००० पेशी. त्यावर अंतिम प्रमाणाच्या तिप्पट तीव्रतेचं अँटिबॉडी ५० मायक्रोलिटर. अंतिम १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपासून तीन-तीन पट पातळ करत आठ पायऱ्या. शेवटची सुमारे ०.००५ येते. दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मग ३० टक्के मानवी सीरम ५० मायक्रोलिटर, अंतिम १० टक्के. ३७ अंशांवर २ तास. नंतर रेझाझुरिन हा जिवंत पेशींमुळे चमकणारा रंग घालून ४ तासांनी किंवा रात्रभराने प्रकाश मोजा. फ्लो सायटोमीटर हाताशी असेल तर मेलेल्या पेशींत शिरणारा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग घालून पाच मिनिटांत वाचता येतं.

फसगत बहुतेक कंट्रोल न ठेवल्याने होते. हे सगळे प्रत्येकी तीन खणांत हवेत: नुसत्या पेशी; अँटिबॉडीशिवाय पेशी आणि सीरम; पेशी, सर्वांत जास्त अँटिबॉडी आणि ५६ अंशांवर ३० मिनिटं गरम केलेलं सीरम; सीडी२०शी संबंध नसलेली त्याच वर्गाची अँटिबॉडी; ट्रायटन या डिटर्जंटने पूर्ण मारलेल्या पेशी; आणि पेशीविना मीडिया.

पेशी आणि सीरमच्या कंट्रोलचा संकेत ८,०००, ट्रायटनचा ५०० आणि नमुन्याचा ३,५०० असेल, तर मेलेल्या पेशी (८,००० − ३,५००) भागिले (८,००० − ५००), म्हणजे ६० टक्के.

सगळ्या खणांत काहीच मेलं नाही तर पहिला संशय सीरमवर घ्या. कॉम्प्लिमेंट नाजूक असतं. उणे ८० मधून काढून बर्फावर वितळवायचं, एकदाच वापरायचं, उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही. रक्त गोठू न देणारं ईडीटीए घातलेल्या नळीतलं प्लाझ्मा चालत नाही, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि त्याशिवाय ही साखळी सुरूच होत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएस या क्षारांच्या बफर द्रावणात चाचणी लावली तरी तेच होतं. उलट अँटिबॉडीशिवायच पेशी मरत असतील तर सीरम सशाचं आहे का बघा. त्यात मानवी पेशींविरुद्धच्या नैसर्गिक अँटिबॉडी असतात. दुसऱ्या दात्याचं किंवा अनेक दात्यांचं एकत्र केलेलं मानवी सीरम घ्या, आणि पूर्ण मालिकेला एकच लॉट पुरेल इतका आधीच लहान भागांत गोठवून ठेवा. फक्त कडेचे खण विचित्र वागत असतील तर बाष्पीभवन कारण आहे. तिथे पीबीएस भरून ते खण सोडून द्या. आणि वक्ररेषा आठवड्याआठवड्याला सरकत असेल तर अँटिबॉडीची तीव्रता तपासण्याआधी वहीत बघा की त्या दिवशी पेशी किती घनतेवरून काढल्या होत्या. ९ लाखांवरच्या आणि २८ लाखांवरच्या राजी सारखा प्रतिसाद देतीलच असं नाही.

काम संपल्यावर द्रव कचऱ्यात हायपोक्लोराइट असं घाला की अंतिम प्रमाण १ टक्का राहील. ३० मिनिटांनी पाण्याबरोबर सोडा. हा द्रव ऑटोक्लेव्हमध्ये कधीही टाकायचा नाही, क्लोरीन वायू सुटतो. फ्लास्क आणि टिप १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून संस्थेच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या व्यवस्थेत द्या, आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच.